डोक्यासकट मासा

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. हे मी फार वेळा सांगतो असं बायकोचं म्हणणं आहे. पण खरं आहे, म्हणून सांगतो. वडील भोई, गोदावरीत जाळं टाकायचे. मला मात्र त्यांनी कधी पाण्यात उतरू दिलं नाही. जाळ्याला हात लावला की ओरडायचे, "ठेव ते खाली! पुस्तक धर. माशाचा वास एकदा हाताला लागला की जात नाही." मी पुस्तक धरलं, ते धरून धरून थेट कोलोरॅडोला पोचलो, पीएच.डी.ला. विषय कोणता, तर नद्यांचे प्रवाह. निघताना वडिलांना सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे फिरून नदीतच ना?"

पहिल्याच दिवशी प्रोफेसरांनी घरची चौकशी केली. लपवायचं नाही असं मी विमानातच ठरवलं होतं. मान ताठ करून म्हणालो, "आय कम फ्रॉम अ फिशिंग फॅमिली, सर."

सर खुर्चीतून उठलेच. "काय सांगतोस! आम्हीपण! आजोबांपासून!" भिंतीवर आजोबांचा फोटो होता. डोक्यावर हॅट, तोंडात पाइप, हातात मासा. आजोबा न्यायाधीश होते, असंही सरांनी सांगितलं.

मी भारावून गेलो. काय देश आहे, कोळ्याभोयाचा माणूस न्यायाधीश होतो, नातू प्रोफेसर होतो! संध्याकाळी बायकोला म्हणालो, "अगं, सर आपल्यातलेच निघाले."

"गोरे भोई?" ती म्हणाली. "मग बरं झालं. त्यांना विचारा, ह्या देशात माशांना डोकी नसतात का?"

हा प्रश्न चेष्टेचा नव्हता. तिला पाचवा महिना होता आणि डोहाळे लागले होते नदीच्या माशाचे. सुपरमार्केटमध्ये मासा मिळायचा तो पांढरा, चौकोनी, बर्फात गोठलेला, साबणाच्या वडीसारखा. तिला हवं होतं माशाचं डोकं, चिंच घातलेल्या तिखट कालवणातलं. तिच्या माहेरीही नदीचाच धंदा, त्यामुळे बिनडोक्याचा मासा तिच्या हिशेबी मासाच नव्हता. आणि डोहाळे पुरवले नाहीत तर पोराची लाळ गळते, हे तिच्याकडे, माझ्याकडे, सगळ्यांकडे पक्कं होतं. मी इंजिनिअर असलो तरी या बाबतीत धोका पत्करणार नव्हतो.

म्हणून सरांनी जेव्हा शनिवारी कॅन्यनमध्ये ट्राउट मासे धरायला चल म्हणून विचारलं, तेव्हा आमच्या घरात सणासारखं झालं. "येताना घेऊन या," बायको म्हणाली. "डोक्यासकट."

दोन्ही बाजूंना उभे कडे, मधून वितळलेल्या बर्फाचं पाणी. सरांनी मला छातीपर्यंतची रबरी विजार चढवली आणि एक डबी उघडली. आत पिसं आणि रंगीत दोरे गुंडाळून केलेल्या खोट्या माश्या, प्रत्येकीच्या पोटात बारीकसा गळ. एक बांधायला तासभर लागतो म्हणाले. माशाला फसवायला एवढी कलाकुसर! माझ्या वडिलांनी माशाला कधी फसवलं नव्हतं. सरळ पकडलं होतं.

दोरी मागे न्यायची, क्षणभर थांबायचं, मग पुढे सोडायची. सरांनी सोडली की ती हवेत वळण घेऊन अलगद पाण्यावर टेकायची. माझी पहिल्यांदा झुडपात अडकली, दुसऱ्यांदा सरांच्या हॅटमध्ये.

हॅट सोडवत सर समजुतीनं म्हणाले, "तुमच्याकडची स्टाइल वेगळी असणार."

"हो सर. आमच्याकडे नेट."

"नेट तर हवंच!" त्यांनी पाठीला लटकवलेलं जाळं दाखवलं. चहाच्या गाळणीचा मोठा भाऊ.

आणि मग सरांना मासा लागला. वीतभर ट्राउट, अंगावर लाल ठिपके. सरांनी हात पाण्यात बुडवून ओले केले, गळ काढला, माशाचं तोंड प्रवाहाकडे करून त्याला जरा दम खाऊ दिला. मासा शेपटी हलवून गेला.

"सर, सुटला!" मी ओरडलो.

"सुटला नाही. सोडला."

"का?"

"का म्हणजे? त्याचं घर आहे ते."

दुसराही सोडला. तिसराही. मी विचारलं, "सर, तुमच्या घरी मासे कोण खातं?"

"कोणीच नाही. बायकोला वास सहन होत नाही."

तिथे, कमरेएवढ्या गार पाण्यात, माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आजोबा मासे धरून न्यायाधीश झाले नव्हते. न्यायाधीश होते म्हणून मासे धरत होते.

दुपारपर्यंत मी झुडपांखेरीज काही धरलं नाही. शेवटी दोरीतली गाठ सोडवत उभा असताना पाण्यात लोंबणारं टोक कुणीतरी ओढलं. कसा ओढला, कसा धरला, आठवत नाही. पण मासा माझ्या मुठीत होता. एवढासा, पण डोक्यासकट.

"ब्यूटिफुल!" सर धावत आले. "आता हात ओले कर. हळूच सोड."

मी मूठ घट्ट केली. "सर, हा मला पाहिजे."

सरांचा चेहरा पडला. मी घाईघाईनं म्हणालो, "गाडी लावली तिथल्या पाटीवर लिहिलंय, माणशी दोन नेता येतात." पाटी मी वरपासून खालपर्यंत वाचली होती. लिहिलेलं पूर्ण वाचायचं, हीच तर माझी कमाई.

"प्रश्न नियमाचा नाही," सर म्हणाले.

मग मी बायकोचं सांगितलं. डोहाळ्यांना इंग्रजी शब्द सापडेना, तेव्हा लाळेपर्यंत सगळं समजावलं. सरांनी शांतपणे ऐकून विचारलं, "याला काही डेटा आहे?"

"घरोघरी आहे, सर."

त्यांनी माशाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "ठीक. मग मार त्याला, तुमच्या पद्धतीनं."

आमची पद्धत मला माहीत नव्हती. वडिलांनी शिकूच दिली नव्हती. "तुम्ही मारा ना, सर."

"मी? आजोबा गेल्यापासून मी एकही मारला नाही!"

दोन फिशिंग फॅमिल्यांचे वारस एक वीतभर मासा धरून उभे राहिलो. शेवटी सरांनी बर्फाच्या पेटीतले सोड्याचे कॅन बाहेर काढले, बर्फ ओतला आणि पेटीत नदीचं पाणी भरलं. कॅन्यनची वळणं त्यांनी बैलगाडीच्या वेगानं घेतली. दर वळणाला विचारायचे, "कसा आहे तो?"

बायकोनं झाकण उघडलं. "एवढुसा?" मग वाकून पाहिलं. "अहो, हा जिवंत का आणलाय?"

"ताजा आहे," मी म्हणालो.

ती मासा घेऊन स्वयंपाकघरात गेली. एकच आवाज आला. सर कार्पेटकडे बघत होते.

"जेवून जा म्हणावं त्यांना," आतून बायको म्हणाली.

सर बसले. चिंचेचा आंबट वास घरभर झाला. तिनं ताटं वाढली, आणि ते एकुलतं एक डोकं उचलून सरांच्या ताटात ठेवलं. आमच्यात डोकं पाहुण्याला. पण म्हणून हे डोकं?

"अगं, ते तुझ्यासाठी—"

"गप बसा. पाहुणे आहेत."

सर डोक्याकडे बघत होते, डोकं सरांकडे. हळूच मला म्हणाले, "हा मान आहे का?"

"सगळ्यात मोठा."

"आणि तिला हवं होतं ते हेच?"

"हेच, सर."

सरांनी पेल्यातल्या पाण्यात बोटं बुडवली, ओल्या हातांनी ते डोकं अलगद उचललं आणि बायकोच्या ताटात ठेवलं. "हा मी सोडतो," म्हणाले.

"काय म्हणतात?" बायकोनं विचारलं.

"सोडला म्हणतात. त्यांच्यात असंच असतं."

तिनं आणखी एकदा आग्रह केला नाही. पदर खोचून बसली आणि हाड न् हाड चोखून खाल्लं. सर तेवढा वेळ नुसता रस्साभात खात, डोळे पुसत, तिच्याकडे बघत राहिले.

हिवाळ्यात मुलगी झाली. पुढच्या उन्हाळ्यात सर तिला बघायला आले, मांडीवर घेतली, आणि तिनं लाळेनं त्यांच्या शर्टाची बाही कोपरापर्यंत भिजवली.

सरांनी रुमाल काढला. "डेटा," ते मला म्हणाले.

मी बायकोला मराठीत सांगितलं. ती मुलीचं तोंड पुसत म्हणाली, "मग? मासाच एवढुसा होता."