चुलत्यांच्या बॉनेटवरचे चतुर

फौजेतून रिटायर झाल्यावर आमच्या चुलत्यांनी शेताकडेचा ओढा मुरूम टाकून बुजवला, त्यावर ऊस लावला आणि बांधाला नवी काळी गाडी उभी केली. बूट चमकवायची जुनी सवय. गाडीही तशीच रोज घासायचे. ओढ्यावरचे चतुर त्या चकाकीलाच पाणी समजले आणि बॉनेटवर शेपट्या टेकवत अंडी घालू लागले. चुलते भडकून आणखी घासायचे, बॉनेट आणखी चमकायचं, चतुर आणखी यायचे.

मी म्हटलं, "धूळ बसू द्या की!"

"फौजी माणसाची गाडी अन् धुळीत?" ते माझ्यावरच खेकसले.

चुलती बांधालगतच्या घराच्या पायरीवर भाजी निवडत होती. ती म्हणाली, "आवं, बाळंतपणाला आलेल्या लेकी हायती त्या. माहेर तुमीच बुजवलं, आता त्येंनी जायाचं कुठं?"