माझ्याच मनगटावरचा आकडा

त्या दिवसांत माझी श्रद्धा नुसती सवयीपुरती उरली होती. आमच्या मेंगाई देवीपुढं दिवा लावायचे, पण मन कोरडंच असायचं. पाय मोडून दीड महिना प्लास्टरमध्ये घरी बसले होते. देवीआईनं माझ्याकडं पाठ फिरवली, असं वाटत होतं. प्लास्टर निघालं, तशी विंझरहून पुन्हा वरव्याजवळच्या कारखान्यात जाऊ लागले. तिथं रक्तातला ऑक्सिजन मोजणारे मनगटी पट्टे तयार होतात. आतला बारीक दिवा कातडीखालच्या रक्तावर उजेड टाकतो आणि पट्ट्यावर आकडा उमटतो. शेवटची तपासणी आम्ही बायका स्वतःच्या हातावर पट्टा बांधून करतो. धडधाकट माणसाचा आकडा पंच्याण्णवच्या वर यायला हवा.

त्या मंगळवारी पहिल्याच पट्ट्यानं एकोणनव्वद दाखवले. तो नापास केला. दुसरा, तिसरा, सातवा, सगळे तसेच. आठवडाभर जिना चढताना धाप लागत होती, पण ती उपवासामुळं असेल म्हणून मी सोडून दिली होती. आता भीती वेगळीच होती. कामावर परत आल्या आल्या इतका माल नापास केला, तर साहेब काय म्हणतील? डोळे मिटून म्हटलं, आई, पुढचा तरी बरोबर येऊ दे. पुढचाही नव्वदच्या आतच.

शेजारी फरशी पुसणारी बाई थांबली. कुणाच्या तरी जागी बदलीवर आलेली, मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं. हात पदराला पुसून तिनं पुढं केला. "माज्या हाताला बांदा की." बांधला, तर अठ्ठ्याण्णव. दुसराही अठ्ठ्याण्णव. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. "बाई, पट्टं चांगलं हायती. तुमचंच कायतरी बिगाडलंय. व्हट निळं पडल्यात. उटा, आदी दवाखान्यात चला."

मला तिचा रागच आला. पण तिनं माझा दंड सोडला नाही, आणि साहेबांना हाकही तिनंच मारली. टेम्पोतून नेलं, तेव्हा ती सगळी वाट माझा हात धरून बसली होती. प्लास्टरमधल्या पायात धरलेली रक्ताची गुठळी फुफ्फुसात गेली होती. "आज तशाच घरी गेला असतात, तर वाचला नसतात," डॉक्टर म्हणाले.

बरी होऊन कामावर आले, तोवर तिची बदली संपली होती. भोरकडच्या कुठल्याशा वाडीची होती, एवढंच कुणीतरी सांगितलं. मी तिचं नावही विचारलं नव्हतं. तिला कुणी धाडलं, यावर मी वाद घालत नाही. मी देवीकडं माझ्या सोयीचं उत्तर मागत होते, आणि खरं उत्तर ती पुन्हा पुन्हा माझ्या हातावर ठेवत होती. मला ते वाचता येईना, म्हणून वाचणारी आली. आता हात जोडते, तेव्हा मागणं सुचत नाही. तू दाखवशील ते बघेन, एवढंच म्हणते.