फुकीन नावाचा प्रांत

बाप वलगावात दुसऱ्याच्या शेतात राबायचा, आई वेचणीला जायची. कापसाचा भाव आभाळाला भिडला, तरी आमच्या ताटात भाकर आणि अंबाडीची भाजीच राहिली. मी शिष्यवृत्तीवर पुण्यात शिकलो. वलगावातून कॉलेजात गेलेला मी पहिला. हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

अमरावतीत एका इंग्रज कापूस-एजंटाच्या ऑफिसात दुभाषी लागलो, तेही प्रोबेशनवर. म्हणजे काम पटलं तर कायम, नाही तर घरी.

रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. सौदा ठरला की ऑर्डर सगळ्यांपुढे वाचायची पद्धत होती. त्या दिवशी अंगणात भरलेल्या गाड्या उभ्या होत्या. ऑर्डरमध्ये होतं तेच मी वाचलं: “ही रुई, फुकीन.”

नांदगाव खंडेश्वरचे यादवराव सगळ्या शेतकऱ्यांच्या वतीने बोलत. ते उठलेच.

“कोन फुकीन?”

“चीनमधला प्रांत आहे. माल तिकडे जाणार.”

“आमच्याकडं फुकनं म्हंजे जाळनं. वर्षभर राबून पिकवलेली लक्ष्मी जाळाले द्यावं का? आन प्रांताचं असं नाव कोन ठेवते?”

“मंग बाजूचा प्रांत इझवीन असंन,” मागून कोणीतरी म्हणालं. हशा झाला, पण बैल जुंपायला सुरुवातही झाली.

साहेब बाहेर आला. “गाड्या परत गेल्या तर उद्यापासून येऊ नकोस.”

साहेबाने चीनच्या बंदरात नोकरी केलेली होती. मी विचारलं, “या नावाचा अर्थ काय?”

“मला माल घ्यायचाय. अर्थ कशाला?”

“असं नाव कोण ठेवतं, हा त्यांचा सवाल आहे. आता माझाही.”

साहेबाने जुंपल्या जाणाऱ्या गाड्यांकडे पाहिलं. “तिथं एक पंडित मला भाषा शिकवायचा. तो म्हणे, फूचौ आणि क्येनचौ अशी दोन ठिकाणं. एकाचं फू, दुसऱ्याचं क्येन. आम्ही त्याचं फुकीन केलं.”

“मग चौ कुठं गेलं?”

“चौ म्हणजे परगणा. दोन्हीत होतं, म्हणून गाळलं.”

मी अंगणात धावलो. “यादवराव, तुमचं गाव नुसतं नांदगाव काहून नाही?”

“नांदगावं ढिगानं हायेत. आमच्याकडं खंडेश्वराचं देऊळ, म्हून दोन्ही नावं.”

“त्यांनीही दोन नावं जोडली.” मी सगळी फोड करून सांगितली.

यादवराव नाव तोंडात घोळवत राहिले. “फू... क्येन. पयलं कोनाचं नाव घ्यायचं, याच्यावर भांडले नसतील?”

“ते पंडिताने सांगितलं नाही.”

“भांडलेच असतील. मानसंच हायेत ना.” त्यांनी गाडीवानांकडे पाहिलं. “उतरवा रे माल. पन भाऊ, ते नाव जरा तोडून वाचजा.”

मी तोडून वाचलं. सौदा पक्का झाला.

परक्या मुलखाचं नाव नुसतं बरोबर वाचून भागत नाही. ऐकणाऱ्याच्या बोलीत त्याचा काय अर्थ होतो, तेही आधी पाहावं लागतं.

महिनाअखेर साहेबाने मला कायम केलं.