अमावास्येची रजा

मामांच्या वहीची सात पानं मी माझ्या मोबाइलवर टिपली आणि आठवं पान मुद्दाम सोडलं. बरीच वर्षं मी याला मनातल्या मनात चूक म्हणत आलो. चूक हातून होते; हे मी केलं होतं. त्या सात पानांमुळे मामांचं काम गेलं. आठवं दाखवलं असतं तर त्यांचं राहिलं असतं आणि बहुधा माझं गेलं असतं. पुढे मी मामांविषयी जे काही जिव्हाळ्याने लिहीन, ते वाचताना हे लक्षात असू द्यावं, म्हणून आधीच सांगून टाकतो.

मामा, म्हणजे सगळ्यांचेच मामा, आमच्या रात्रपाळीच्या बसचे ड्रायव्हर. कंपनी रोह्याजवळची, रसायनांची, बस कंत्राटदाराची. साडेनऊला पेणहून निघायची, गडब, नागोठणे करत अकराच्या आत आम्हाला गेटवर सोडायची आणि सकाळी सातला परत न्यायला तिथेच उभी राहायची. मधल्या वेळात ड्रायव्हरने झोपावं अशी अपेक्षा. मामा महिन्याला एकच रजा घ्यायचे, तीही अमावास्येची. आमच्याकडे ड्रायव्हर त्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवतात, लांबचं भाडं टाळतात. हा माणूस नेमका त्याच रात्री घराबाहेर पडायचा. संशयाला एवढं पुरेसं होतं.

"मामा, आज कुनावर करनी?" मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडायचं.

"तुज्यावरच. दोन महिने ओव्हरटाइम लागनार नाय बघ," मामा आरशात बघत म्हणायचे.

सगळे हसायचे. पण मामांनी सत्यनारायणाचा प्रसाद आणला की दोघं-तिघं तो खिडकीतून हळूच टाकायचे, हेही मी पाहिलंय.

त्यांच्या गडबजवळच्या खाडीकडच्या गावात वेगळी कुजबुज होती. मामांनी रोह्यात दुसरं घर केलंय, असं बायका मामींच्या कानावर घालायच्या. शेवटी एका अमावास्येला मामी त्यांच्या मागोमाग गेल्या. मामा गावाबाहेर मिठागराच्या बांधावर उताणे पडलेले, छातीवर छोटा कॅमेरा. मामींनी दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं ते गावभर झालं: "बाई असती तर झिंज्या धरल्या असत्या गो. आभालाशी काय भांडू?"

मामा पूर्वी यात्रा कंपनीच्या बसवर होते. काशी, रामेश्वर, द्वारका, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. "सगळा देश बघितला साहेब, पन पार्किंगमधून," असं ते म्हणायचे. प्रवासी देवळात, हे काच पुसत. रात्री आडरानात टायर बघायला गाडी थांबवायची, दिवे बंद करायचे, की वर लख्ख तारे. "तेवढं एकच असं व्हतं, जे पार्किंगमधून पन पुरं दिसायचं."

कॅमेरा त्यांनी शेवटच्या यात्रेत कुठल्याशा शहरात जुन्या वस्तूंच्या दुकानातून घेतला होता. शर्टाच्या खिशात मावेल एवढा. लेन्स निघत नाही, पुढेमागे होत नाही. बसमधली पोरं चिडवायची, "मामा, आमच्या मोबाइलला तीन लेन्सा हायत. तुमच्या डब्याला एकच?" मामा म्हणायचे, "बायको पन एकच हाय. काय अडलंय?" त्या कॅमेऱ्यावर त्यांचा विश्वास होता. "हिला लांबचं जवळ आनता येत नाय, म्हनून ही थापा पन मारत नाय. जेवढं समोर हाय तेवढं घेते." पावसाळ्यात दमट हवेने लेन्सवर बुरशी धरू नये म्हणून कॅमेरा चार महिने तांदळाच्या डब्यात राहायचा. मामी त्याच्या भोवतीने तांदूळ काढायच्या आणि विचारायच्या, "आज भात शिजवू का फोटू?"

मला ड्रायव्हरशेजारची एकेरी सीट आवडायची, त्यामुळे आमचं बोलणं व्हायचं. एकदा डिसेंबरात ते मला जेवणाच्या सुट्टीत कंपनीमागच्या शेताच्या बांधावर घेऊन गेले. तांदूळ भरलेली एक उशीएवढी पिशवी होती, मामींनी जुन्या परकराची शिवलेली. ती दगडावर ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवला, तोंड वर केलं, बटण दाबलं आणि मला खूण केली: श्वास धरा. पंधरा सेकंद दोघंही श्वास रोखून उभे. कॅमेरा दगडावर, आमच्या श्वासाचा त्याला काय धक्का लागणार? मी तसं म्हणालो. "त्याला नाय लागत," मामा म्हणाले, "पन येवढं वरून येतंय आपल्यापर्यंत, आपन जरा गप नको का ऱ्हायला?" मग त्यांनी मागचा छोटा पडदा दाखवला. जिथे मला आठ-दहा तारे दिसत होते तिथे पीठ सांडल्यासारखं आभाळ होतं. रोज रात्री ज्या आभाळाखाली मी कामावर जात होतो ते हेच, हे मला खरं वाटेना.

आता वहीचं. ड्रायव्हरला लॉगबुक भरायची सवय असते. मामा फोटोंचंही लॉगबुक ठेवायचे, त्याच पद्धतीचं: वेळ, ठिकाण, शेरा. शाळेची दोनशे पानी वही, बसमध्ये देवाच्या तसबिरीमागे खोचलेली. रात्र कशी होती हे त्यांना लिहून ठेवावं लागायचं, कारण धुरात तारे येत नाहीत. "१२.४०. कंपनीमागचा बांध. धूर जास्त. ४ फोटो." "२.१०. नदीवरचा पूल. वारा खाडीकडून. धूर नाही. १२ फोटो." अशी ओळीमागून ओळ.

त्याच वर्षी कोणीतरी कंपनीच्या नाल्याचे फोटो सरकारी कार्यालयात पाठवले. रात्री काढलेले, नाल्यातून लालसर पाणी नदीकडे चाललेलं. ते पाणी खरोखर जायचं. मी सांडपाणी विभागाचा शिफ्ट इनचार्ज होतो. मला माहीत होतं, आणि 'सर्व ठीक' म्हणून रजिस्टरवर सही माझी असायची. तपासणी झाली, आणि कंपनीत प्रत्येकाला प्रत्येकाचा संशय येऊ लागला. कॅन्टीनमध्ये मोबाइल टेबलावर पालथे. कोणी संडासाला जास्त वेळ लावला तरी चर्चा. बसमध्ये कोणी बोलेनासं झालं. तीन दिवस माझ्या टेबलाशी कोणी जेवायला बसलं नाही, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की संशय माझ्यावर आहे.

चौथ्या दिवशी मॅनेजरने बोलावलं. "नाला तुमच्या विभागाचा. रात्री तिथे तुम्ही असता. मग फोटो कोणी काढले?" मी म्हणालो, मला माहीत नाही. ते म्हणाले, "सोमवारपर्यंत माहीत करून घ्या. नाहीतर आम्ही आमच्या परीने समजून घेऊ."

दुसऱ्या सकाळी परतताना मामा डिझेल भरायला पंपावर उतरले. मागे सगळे झोपलेले. मी तसबिरीमागची वही काढली. तोवर मामांवर मला संशय नव्हता असं म्हणता येणार नाही. भीतीत माणूस सगळ्यांवर संशय घेतो. पण 'धूर जास्त, ४ फोटो' ही ओळ मॅनेजरला कशी वाचता येईल, हे मला पहिल्या क्षणी दिसलं. कंपनी, वेळ, धूर, नदी, फोटो. सगळं होतं. मी एकेक पान टिपत गेलो. आठव्या पानावर लिहिलं होतं: "सप्तर्षी घ्यायचे तर चिमणी आड येते. नदीच्या पलीकडून बघणे. आज धूर नाही, देवाची कृपा. ही फ्रेम मोठी करून घरात लावणे." मी ते दोनदा वाचलं. बाहेर मामा पंपावरच्या माणसाशी कशावरून तरी हसत होते. मी वही होती तशी खोचून ठेवली.

ती सात पानं मी मॅनेजरला दाखवली; पुढचं फार लवकर झालं. कंत्राटी माणसाला काढायला चौकशी लागत नाही, कंत्राटदाराला एक फोन लागतो. सोमवारी रात्री गेटवर सिक्युरिटीने मामांचा कॅमेरा घेतला, त्यातलं कार्ड 'तपासायला' काढून घेतलं आणि कॅमेरा परत दिला. ते कार्ड त्यांना कधीच मिळालं नाही. त्यावर चार वर्षांच्या अमावास्या होत्या. मामा एवढंच विचारत राहिले, "पन मी केलं काय?" बसमधून उतरून आम्ही सगळे त्यांच्याजवळून गेलो. कोणीतरी म्हणालं, "बघा, आपला मामा हेर निघाला." मी पंचिंग मशीनकडे बघत राहिलो.

दीड महिन्याने पुन्हा फोटो गेले. तोच नाला, तेच पाणी. फोटो काढणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण तो मामा नव्हता हे आता भिंतीलाही कळलं होतं. मामांचं नाव मात्र कोणी काढलं नाही. काढलं असतं तर वहीची पानं कोणी आणली हे निघालं असतं. मी धरून सगळ्यांना ते सोयीचं होतं.

यानंतर चार वर्षांनी, गेल्या फेब्रुवारीत, एका सकाळी बस बंद पडली आणि मी गडबच्या नाक्यावर एका मिनीडोरला, आमच्याकडच्या सहा आसनी रिक्षाला, हात केला. चालवत होते मामा. केस पांढरे झालेले. मला बघून त्यांनी शेजारी बसलेल्या बाईला मागे पाठवलं आणि मला पुढे घेतलं. मग मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हे आमचे साहेब. त्या कंपनीत येवढे लोक, पन माझ्यासंगती बांधावर येऊन तारे बघनारा हा येकच मानूस."

मी विचारलं, "मामा, हल्ली जाता का अमावास्येला?"

"नाय वो. दोनदा गेलतो. अंधारात उभा ऱ्हायलो की वाटतं, मागून कोनतरी बघतंय. मग श्वास धरवत नाय." मग म्हणाले, "लोकं अजून बोलतात. बायको बाजारात गेली तर कोळीन म्हनते, कंपनीची खबर काढनाऱ्याची बायको आली."

स्टँडवर माणसं उतरली. मी बसूनच राहिलो. म्हणालो, "मामा, कंपनीने तुमच्यावर फार अन्याय केला."

"कंपनी म्हनजे कोन, साहेब?" त्यांनी सहज विचारलं. गेटवर उभं राहून 'मी केलं काय' म्हणून विचारलं होतं, अगदी तसंच. त्यांना खरोखरच उत्तर हवं होतं.

मग मी सगळं सांगितलं. पंप, वही, सात पानं, आठवं. मामा स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होते. रांगेतला मागचा मिनीडोरवाला हॉर्न वाजवत होता. माझं संपल्यावर मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी हात वर केला.

"हितं नको. हितं तुमी-आमी दोघंच. मला हेर म्हनलं ते बसमधल्या मानसांनी. त्यांच्यासमोर बोला."

"तुम्ही याल?"

"मी कशाला येऊ? खोटं मी बोललो काय? तुमी बोला. गडबला उतरनारी हायत चार मानसं. मला कळंल." आणि मला तोवर कधीही अरे-तुरे न केलेला तो माणूस म्हणाला, "उतर आता. माझा नंबर लागलाय."

अकरा दिवस मी टाळलं. आज बसमध्ये झोपलेत सगळे, आज नवी पोरंच जास्त आहेत, आज मॅनेजरचा भाचा बसलाय. रोज एक कारण मिळत गेलं. बाराव्या रात्री गडबला चौघं चढली आणि त्यातल्या एकाने माझ्याकडे बघितलं, नुसतंच बघितलं. मला वाटलं, याला माहीत आहे. खरं-खोटं देव जाणे. मी सीटवरून उठलो, ड्रायव्हरच्या मागचा दांडा धरला आणि बोलायला लागलो. इंजिनच्या आवाजात कोणाला काही कळेना. "काय झालं, साहेब? कोनाला गाडी लागतेय का?" मागून कोणीतरी विचारलं. ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन बंद केली. दिवा लागला. तीस-पस्तीस चेहरे माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "या बसवर चार वर्षांपूर्वी जे मामा होते, त्यांनी कंपनीची कसलीही खबर दिली नव्हती. ते ताऱ्यांचे फोटो काढायचे. त्यांची वही चोरून मी उघडली. त्यातलं सोयीचं तेवढं मी साहेबांना दाखवलं आणि ते निर्दोष आहेत हे लिहिलेलं पान वाचूनही लपवलं. मला माझी नोकरी वाचवायची होती. नाल्यातून पाणी जायचं ते मला माहीत होतं, खोटी सही माझी होती, आणि हेर मामांना म्हणवून घ्यावं लागलं. मी त्यांचा अपराधी आहे. त्यांची, मामींची आणि तुम्हा सगळ्यांची मी माफी मागतो. तुमच्यापैकी जो कोणी गडबला उतरेल, त्याने हे जसंच्या तसं त्यांना जाऊन सांगावं."