बॉनेटखालचं रबर

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी सातला गाडी पहिल्यांदा नुसती ‘टक्’ करून गप्प झाली. माय मागच्या सीटवर बसली होती. मांडीवर दवाखान्याची फाईल आणि चादरीची पिशवी.

तिची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला केदारखेड्याहून जालन्याला डायलिसिसला न्यावं लागे. नऊपासून चार तास मशीन तिच्यासाठी असे. उशीर झाला की तेवढा वेळ कमी मिळे. एकदा एक पाळी पूर्ण चुकली होती. तेव्हा तिला आडवं होता येईना. भिंतीला टेकून बसायची आणि तोंडाने श्वास घ्यायची. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, “वार चुकवू नका.”

गाडी डिझेलची, अठरा वर्षांची, वडिलांनी घेतलेली. मागच्या डाव्या दाराची आतली कडी तुटली होती. ते दार बाहेरूनच उघडायचं. माय त्याच बाजूला बसे, कारण सुया टोचायचा तिचा डावा हात तिथे उशीवर टेकवता येई. उजव्या बाजूला घडीची चाकाची खुर्ची ठेवलेली असे. कडी बसवून घ्यायची हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

त्या दिवशी गाडी धक्क्याने सुरू केली. त्यानंतर काकांनी उपाय काढला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. शेजारीच राहतात, आणि आयुष्य ट्रॅक्टरवर गेलेलं. शाळेसमोर उतार आहे. रोज संध्याकाळी ते गाडी तिथे, तोंड सडकेकडे करून लावू लागले. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी घरंगळू द्यायची, गिअर टाकायचा. गावात निम्म्या गाड्या अशाच चालू होतात. हिवाळा तसाच काढला. बॅटरी मरत होती आणि उतारामुळे ते दिसत नव्हतं.

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दवाखान्यासमोरच्या सपाट जागेत ती बंद पडली. मायला आत मशीन लावलेलं होतं. शेजारच्या रिक्षावाल्याच्या बॅटरीला वायरी जोडून गाडी चालू केली आणि काका नि मी जालन्यातच मस्तगड भागातल्या एका बॅटरीच्या दुकानात गेलो. दुकानदार पन्नाशीचा, गळ्यात चष्मा. त्याने मीटर लावलं आणि काट्याकडे पाहतच म्हणाला, “ही तं गेली. उतारावर लावून राह्यले असतान.”

“तुला कुणी सांगितलं रे?” काका म्हणाले.

“काका, तुमच्या तिकडच्या गाड्यांचं वय बॅटरी न्हाई, उतार ठरवतो.”

काका हसले. मग दुकानदाराने समजावून सांगितलं. नुसता अॅम्पिअर पाहून चालत नाही. बॅटरी ट्रेमध्ये बराबर बसली पाहिजे, वरची पट्टी तिला आवळता आली पाहिजे, उंची बॉनेटला लागता कामा नये, आणि प्लसचं टोक गाडीला हवं त्याच बाजूला हवं. आमच्या गाडीच्या मापाची त्याच्याकडे नव्हती. गुरुवारी येणार होती.

काकांनी कोपऱ्यातल्या एका बॅटरीवर हात ठेवला. “ही कशाला पायजे?”

“ती ट्रॅक्टरची.”

“मंग हीच दे. हत्तीला बी ओढीन.”

“हत्तीला ओढीन, पण तुमच्या गाडीत बसन न्हाई. बोटभर उंच हाय. प्लस बी उलट्या अंगाला येतो.”

“बसत न्हाई तं बसवू. ट्यूबची पट्टी हाय ना.”

ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी आमच्याकडे सगळ्यावर चालते. फवारणीचा पंप, मोटरचा पाइप, तुटलेली बाज, सगळं त्याच काळ्या पट्टीने बांधलेलं असतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. काकांना तिच्याबद्दल शंका नव्हती.

“साहेब, मी ना म्हणून राह्यलो,” दुकानदार माझ्याकडे वळून म्हणाला. “दोन दिवसाचा तं सवाल हाय.”

“अन् शुक्रवारी गाडी न्हाई लागली तं?” काका म्हणाले. “वहिनीला काय उतारावर बसवू?”

दोघेही माझ्याकडे बघत होते. गाडी दोन दिवस दुकानाजवळच्या मेकॅनिककडे ठेवता आली असती. शुक्रवारी भाड्याची गाडी करता आली असती. मी घड्याळ पाहिलं. मायचं मशीन सुटायला पाऊण तास होता. मी म्हणालो, “टाका.”

दुकानदाराने वॉरंटी कार्ड भरलं. वाहनाच्या रकान्यात त्याने आमच्या गाडीचं नाव लिहिलं नाही. ‘ट्रॅक्टर’ असं लिहिलं, सही केली आणि कार्ड काकांना न देता माझ्या हातात दिलं.

बॅटरी काकांनीच बसवली. ती ट्रेच्या कडेवर तिरपी टेकली. पट्टीचे चार वेढे दिले. वायर ताणून प्लसला पोचवली. टोकं बॉनेटच्या पत्र्याजवळ येत होती म्हणून ट्यूबचा एक चौकोनी तुकडा कापून वर ठेवला. चावी फिरवली आणि गाडी अर्ध्या फेऱ्यात चालू झाली. “बघ,” काका म्हणाले.

मार्चभर ती तशीच चालू होत राहिली. उताराची गरज संपली. मी निश्चिंत झालो असं म्हणणार नाही. मी त्या गोष्टीचा विचार करायचा थांबलो.

आवाज आधी मायला ऐकू आला. गतिरोधक आला की बॉनेटखाली हलकी टकटक.

“काही तरी वाजून राह्यलं,” ती म्हणाली.

“म्हातारी गाडी हाय, वहिनी. आपल्यासारखे तिचे बी सांधे वाजतेत.”

“माझे वाजत न्हाईत. माझे सुजतेत.”

पुढच्या आठवड्यात तिला वास आला. जळक्या रबराचा. मी बॉनेट उघडून पाहिलं. ट्यूबचा तुकडा जागेवर होता, वरून ठीक दिसत होता. उचलून खालची बाजू पाहिली नाही. त्याच दिवसांत गतिरोधकावर डॅशबोर्डचे दिवे एकदा विझून पुन्हा लागले. हे मी पाहिलं आणि कुणाला सांगितलं नाही. मी वर्तमानपत्राचा बातमीदार, जिल्ह्याच्या पानावर मी कितीतरी वेळा दोन ओळी लिहिल्या आहेत: धावत्या गाडीला आग, कारण अस्पष्ट. कारण कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

एप्रिलातला शुक्रवार. जाताना, सकाळी आठच्या सुमाराला, राजूरच्या अलीकडे रस्त्यात खड्डा आला. गाडी आदळली. बॉनेटखालून फटाक्यासारखा आवाज झाला, दिवे गेले, इंजिन बंद पडलं. मी कडेला घेईपर्यंत बॉनेटच्या फटीतून पिवळट धूर येऊ लागला होता.

काका त्यांच्या दाराने उतरले, मी माझ्या. आम्ही दोघेही बॉनेटकडे धावलो. खटका ओढला होता, पण पत्रा तापलेला. काकांनी रुमाल हाताला गुंडाळून बॉनेट वर रेटलं. तुकडा पेटला होता आणि त्याचे थेंब खाली गळत होते. पट्टी तुटली होती. बॅटरी कलंडून प्लसचं टोक पत्र्याला भिडलं होतं. पत्रा उचलताच ठिणग्या थांबल्या. काका शेतातली ढेकळं फोडून दोन्ही हातांनी माती टाकत राहिले. रुमाल कधीच गळून पडला होता.

तेव्हा मला ठोकण्याचा आवाज आला. आधीपासून येत असावा. माय काचेवर पाण्याची बाटली आपटत होती. डाव्या हाताने ती आपटत नव्हती, तो तिने छातीशी धरला होता. तिच्या दारापाशी पोचायला मला सात-आठ पावलं लागली.

दार बाहेरून लगेच उघडलं.

मागून आलेल्या एका जीपमध्ये तिला बसवलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. चारऐवजी अडीच तास मिळाले. पुढचे तीन दिवस ती उशा लावून बसून झोपली. काकांच्या उजव्या तळव्याला फोड आले. ते कुणाला दाखवले नाहीत. जेवताना डावा हात वापरू लागले तेव्हा कळलं.

योग्य मापाची बॅटरी पुढच्या आठवड्यात त्याच दुकानातून घेतली. जळालेल्या वायरी बदलल्या. दुकानदाराने लोखंडी पट्टी आवळली, बॅटरी दोन्ही हातांनी हलवून पाहिली, हलली नाही. कार्डावर या वेळी गाडीचा नंबर लिहिला. काका बाजूला उभे होते. ट्यूबचा विषय निघाला नाही.

मागच्या दाराला आतली कडी मी त्याच दिवशी बसवून घेतली. अर्ध्या तासाचं काम होतं.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी माय गाडीत बसली की मी दार लावतो. ती आतून कडी ओढून ते उघडते. मी पुन्हा लावतो. ती पुन्हा उघडते. दोनदा उघडल्याशिवाय ती पिशवी मांडीवर घेत नाही आणि मी चावी फिरवत नाही. या वेळात ती माझ्याकडे पाहत नाही.