शाबासकीची चाळणी

इंटरनेटवर कुठलं पान वर दिसावं आणि कुठलं गाडलं जावं, हे ठरवणं हे आमच्या टीमचं काम. ज्या पानाला इतर पानं लिंक देतात ते वर, आणि देणारा बडा असला तर त्याची एकच लिंक शंभर चिल्लर लिंकांना भारी. डब्लिनला आल्यावर हे मला शिकवलं माझ्या नागपूरकर सीनियरने. टीममध्ये मराठी आम्ही दोघंच.

त्याचा लाडका शोध म्हणजे एक चाळणी. दोन साइट फक्त एकमेकींनाच लिंक देत असतील, तर ते संगनमत समजायचं आणि दोघींची किंमत शून्य. मलिंगार नावाच्या गावातलं एक गेस्टहाउस आणि त्याच्या शेजारचं लोकरीचं दुकान असंच गळालं. गेस्टहाउसवाल्या बाईंनी कळवळून मेल लिहिली, आम्ही फसवत नाही हो, आम्ही शेजारी आहोत. त्याने ती कॅन्टीनमध्ये बाईंचा हेल काढून वाचली. आम्ही सगळे खो खो हसलो.

यंदा कपात आली. माणसांनी माणसं काढली की बोंब होते, म्हणून वरच्यांनी आमचीच पद्धत आम्हाला लावायची ठरवली. कंपनीत एकमेकांना शाबासकी द्यायचं पोर्टल आहे. तिथली प्रत्येक शाबासकी म्हणजे एक लिंक. चाळणी बसवून द्यायला त्यालाच सांगितलं. त्याने ती छाती फुगवून बसवली. खरं तर धास्ती त्यालाच वाटायला हवी होती. त्याचा इथे राहायचा परवाना या नोकरीला बांधलेला. ती गेली, दुसरी मिळाली नाही, तर डब्लिनजवळच्या नावन गावातलं घर सोडून, मराठीत विचारलं तरी आयरिश हेलात इंग्लिश बोलणाऱ्या मुलीला घेऊन परत जायचं.

निकालात तो तळाला. लोक त्याच्याकडून अडलेली कामं काढून घ्यायचे, इथल्या पद्धतीने 'ग्रँड', म्हणजे झकास, म्हणायचे आणि चालू पडायचे. पोर्टलवर त्याच्याबद्दल लिहायची ती मी, आणि माझ्याबद्दल तो. चाळणीने ते संगनमत धरून दोघांचंही पुसून टाकलं.

मी तरीही वाचले. कॅलिफोर्नियातल्या बड्या साहेबाने एकदा मला भरभरून शाबासकी दिली होती, हैदराबादच्या एका मुलीच्या कामाबद्दल. त्याला आम्ही दोघी सारख्याच दिसतो. चूक झाली म्हणून मी तेव्हाच कळवलं होतं, उत्तर आलं नाही. त्या मुलीचीही नोकरी गेली.

त्याचं नाव तळाला पाहिलं तेव्हा मला आधी वाटलं, बरी जिरली. मग उठून त्याच्याकडे गेले.

तो टेबल आवरत होता. मी म्हटलं, "अरे, मी तुला जोरदार शिफारसपत्र देते. कुठेही लाव."

"तुला प्रमोशनसाठी हवं होतं, तेव्हा कोणी लिहिलं?"

"तूच."

"मग?"

त्याने खोक्याला चिकटपट्टी लावली आणि म्हणाला, "आम्ही फसवत नाही हो, आम्ही शेजारी आहोत."

या वेळी हेल काढला नाही.