घर तसं साधंच आहे

जर्मनीतल्या वाल्डॉर्फचा फ्लॅट विकायला मी माक्लर, म्हणजे दलाल, नेमणार नव्हतो. सॉफ्टवेअरवाला माणूस मी. इंटरनेटवर एक जाहिरात टाकता येत नसेल, तर दहा वर्षं काय कॉम्प्युटरपुढे भाजी निवडली? बायकोला हॅम्बर्गला नोकरी लागली होती. ती आणि आमची सहा वर्षांची लेक तिथे भाड्याच्या एका खोलीत राहत होत्या. लेकीची शाळा सुरू व्हायच्या आत घर विकून मी कायमचा तिकडे जायचं, असं ठरलं होतं.

जाहिरात झकास जमली. पहिल्याच रविवारी तीन कुटुंबं आली.

"स्वयंपाकघर छान आहे," एकजण म्हणाला.

"छे हो, तसं साधंच आहे."

"बाथरूम मोठी आहे."

"कसली मोठी! चालवून घेतो आम्ही."

लहानपणापासूनचं वळण. कोणी श्रीखंडाची तारीफ केली की आई म्हणायची, "यंदा काही जमलं नाही बाई," आणि पाहुणे हसून आणखी एक वाटी मागायचे. इथले पाहुणे हसत नव्हते. वहीत लिहून घेत होते.

सात आठवडे असे गेले. बायको रोज फोनवर उलटतपासणी घ्यायची.

"आज काय सांगितलंस?"

"काही नाही गं. तळघर कोरडं आहे का विचारलं, तर म्हटलं, अजूनपर्यंत तरी आहे."

"अजूनपर्यंत तरी? अरे, तू घर विकतोयस की घराबद्दल माफी मागतोयस? माक्लर बघ. आजच!"

मागून लेक ओरडली, "पापा, वान कोम्स्ट डू?" कधी येतोस? तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं मात्र जर्मनमध्ये. फोन ठेवला आणि माक्लर शोधायला बसलो.

माक्लरबाई साठीच्या, मोजकं बोलणाऱ्या. म्हणाल्या, "मी गिऱ्हाईक आहे असं समजा आणि घर दाखवा." मी दाखवलं. तळघरात मी 'अजूनपर्यंत तरी कोरडं आहे' म्हटलं, तेव्हा त्यांनी भिंतीवरून हात फिरवला.

"इथे ओल कधी आली होती?"

"कधीच नाही."

"मग 'अजूनपर्यंत तरी' म्हणजे काय?"

"आमच्याकडे त्याला नम्रता म्हणतात."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "शनिवारी मी लोकांना आणते. तुम्ही फिरायला जा."

गेलो. दोन तास बाकावर बसून तीन ब्रेत्सेल, म्हणजे इथले खारे वळणदार पाव, खाल्ले. परतलो तेव्हा एक जोडपं आमच्या स्वयंपाकघरात टेप लावून कपाटाची मापं घेत होतं.

पुढे नोटारने, म्हणजे घराचे व्यवहार नोंदवणाऱ्या वकिलाने, अख्खा करार, इथल्या रिवाजाप्रमाणे, मोठ्याने वाचून दाखवला. सह्यांच्या आधी खरेदीदारबाई माझ्याकडे वळल्या. "इतकं सुंदर घर सोडवतं कसं तुम्हाला?"

जीभ वळवळली. समोरून माक्लरबाईंनी नुसतं पाहिलं.

"हो, सुंदर आहे," मी म्हणालो. आणि सही ठोकली. दलाली गेली ती गेली, पण छातीवरचा दगडही तिच्याबरोबर गेला.

बाहेर पायरीवर बसूनच फोन लावला.

"झालं!"

"तू काही बोलला नाहीस ना?"

"तीन शब्द. तिन्ही चांगले."

तिचा सुस्कारा हॅम्बर्गहून ऐकू आला. तेवढ्यात लेकीने फोन ओढला. "पापा, वान कोम्स्ट..."

"उद्या," मी म्हणालो. शाळेला अजून नऊ दिवस होते.